डबा रिकामा येतो

चित्रा पहाटेच्या एसटीने भुसावळला जाते,
दवाखान्यात तिची सकाळची ड्यूटी.
सावद्यात उरतो मी, गॅसची शेगडी आणि ओजल.
वय सात, पुढचे दात पडलेले दोन,
नकारांची यादी माझ्या उधारीच्या वहीपेक्षा लांब.

वांगं? "त्याच्या बिया बघतात माझ्याकडे."
गंगाफळ? "गोड असती ती भाजी नसती."
मेथीला वास, पोकळ्याला दोरे,
वरणात मोहरीचा एक दाणा तरंगला
की वाटी सरकते ताटाच्या हद्दीबाहेर.
अख्खं गाव केळीवर जगतं.
ही म्हणते, "पप्पा, ते पिकलं की मऊ होतं."
आता ह्याला काय म्हणायचं?

मी मोटारी रिवाइंड करतो.
जळालेली मोटार नुसत्या वासावरून ओळखतो,
वेढे किती, तुटलं कुठे, शॉर्ट कुठे.
पण एवढ्याशा जिभेची वायरिंग
कुठल्या कारखान्यात भरली, सापडत नाही.

म्हणून युक्त्या.
पालक घोटून कणकेत मळला,
म्हटलं, घे, पोपटाच्या पुऱ्या.
"पोपट पुऱ्या करतो?"
तुरीची डाळ रात्री भिजवली, भरड वाटली,
लसूण-कोथिंबीर घालून मुठीत दाबून फुनके उकडले,
सोबत पातळ कढी.
म्हटलं, ह्या बघ पाणबुड्या. बुडव.
तिने बुडवल्या. चारही.
बुडालेल्या पाणबुड्या कोण खातं?
डुबुक वड्यांच्या नावाला तेवढी हसली,
डुबुक डुबुक करत घरभर फिरली,
उपाशी.

मग एक दिवस शाळेतून डबा रिकामा आला.
आदल्या रात्रीचेच फुनके. तळाला कोथिंबिरीचं पानसुद्धा नाही.
दुसऱ्या दिवशी बट्टी. रिकामा.
गंगाफळाचे घारगे. रिकामा.
वॉर्डात फोन लावून सांगितलं, मेथीपण गेली!
चित्रा म्हणाली, "आपल्याच पोरीनं खाल्ली?"
नर्सचा स्वभाव.
ताप उतरला तरी कारण कळेपर्यंत सुट्टी देत नाही.

शनिवारी सरोदे वहिनी दुकानात आल्या,
मागे गाडीवर पाणबुडी मोटार, खरीखुरी, जळालेली.
"भाऊ, एक इचारू? फुनके कसे करता हो तुम्ही?
आमचा हेरंब घरी डाळीले शिवत नाही,
अन् शाळेतून आला की म्हनतो,
ओजलच्या पप्पासारखे कर."

मी पान्हा खाली ठेवला.
"हेरंबच्या डब्यात काय असतं, वहिनी?"
"काय असनार? दुधी, भेंडी, भरलेलं वांगं, कळण्याची भाकर.
हल्ली पार पुसून येतो डबा.
घरीच कायले नाटकं करतो, देव जाने."

वांगं.

घरी येऊन विचारलं. ती बूट काढता काढता म्हणाली,
"हेरंबचं वांगं बघत नाही."

तेव्हापासून, कुणी ठरवलं नाही तरी, असंच चाललंय.
सकाळी सहाला मी हेरंबची भूक रांधतो,
तिखट जरा वाढवा, असा वहिनींचा निरोप आहे.
त्या पलीकडच्या गल्लीत दुधी किसतात
आणि फोनवर विचारतात, ओजलला जिरं चालतं का.
चालतं, मी सांगतो. चालतं का ते मला ठाऊक नाही.
पोरांना एवढंच कळू द्यायचं नाही
की आम्हाला कळलंय.
मोटारीचे पैसे मी निम्मेच घेतले.

रात्री मात्र तोच दूध-भात. मोहरी नाही, काही नाही.
काल माझ्या ताटातला भाकरीचा पापुद्रा,
कडेला थोडा करपलेला, ठेच्याचा डाग लागलेला,
तिने न विचारता उचलला.
दातांच्या फटीतून हवा ओढल्याचा आवाज आला,
मग पाण्याच्या पेल्याचा,
मग पुन्हा पापुद्रा मोडल्याचा.

मी पंख्याकडे बघत राहिलो.