तेरावी मूठ

पहिली मूठ मी माझ्याच हाताची केली.
दुसरं माप होतंच कुठं?
भिलवडी रस्त्याला, वेल्डिंगवाल्याच्या शेजारी
दहा बाय बाराचं पत्र्याचं शेड,
एक जुना लेथ, तीन कानशी आणि मी.

अवजार एक, पाती चार:
खुरपं, आकडी, छाटणीची करवत,
आणि तार पिळायला चिमट्याचं तोंड.
खटका दाबला की एक निघतं, दुसरं बसतं.
पात्यांना पाणी दस्तगीर शिकलगारानं दिलं.
जाताना म्हणाला,
"धारेचं मी बघितलं. फोडाचं तू बघ."

मुठीला मी चार खाचा पाडल्या, चार बोटांच्या,
कॅटलॉगातल्या फोटोत असतात तशा.
माझा हात त्यात असा बसला
जशी कुलपात किल्ली.
त्या रात्री मला झोप छान लागली.

मणेराजुरीला गेलो तेव्हा
खरड छाटणी उरकून बागेत तण काढणं चाललं होतं.
तानूबाई मंडल्यांनी मूठ हातात घेतली,
बाजारात वांगं बघावं तशी उलटीसुलटी केली.
"हे कुनाच्या हाताचं हाय वो?"
सगळ्यांच्याच, मी म्हणालो.
"न्हाय. माझं बोट बगा हितं उंचवट्यावर येतंय.
खाचंत तुमचं हाय."

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, म्हणतात.
खुरप्याचा दांडा तळहातास काळ असतो,
त्याची म्हण कुणी केली नाही.

जेवायच्या सुट्टीत बांधावर
सगळ्यांची खुरपी मांडून बसलो.
बाभळीवर सायकलची ट्यूब,
ट्यूबवर लुगड्याची पट्टी, पट्टीवर सुतळी,
शेवटाला गाठ, हात मागं सरकू नये म्हणून.
एकीचा अंगठा कडबाकुट्टीत गेलेला,
तिचा दांडा एका अंगानं तासलेला.
हे कुणी शिकवलं?
तानूबाई भाकरी मोडत म्हणाल्या, "फोडानं."

मग दिवसभर नुसता बघत राहिलो.
सकाळी हात पुढं, पात्याजवळ.
दुपारी मागं.
चारनंतर मूठ उघडते,
दोनच बोटं धरतात, बाकीची विसावा घेतात.
एकाच बाईचे मी सात हात मोजले.
त्या सातांना मी चार खाचांत
कायमचं कोंबायला निघालो होतो.

खाचा घासून टाकल्या.
गोल केली, तर पातं हातात फिरायला लागलं.
चौकोनी केली, ती दुसऱ्याच दिवशी परत आली.
बाभूळ जड, कडुलिंब चिरला,
रबर मे महिन्यात गुळासारखं चिकटलं.
पाचवी मूठ घरातनं आलं ठेचायला नेली,
तिथं ती उत्तम चालते.
बाकीच्या भिंतीवर, खिळ्याला.
येणारा जाणारा विचारायचा, काय, बेलणी करतोस का?

तेरावी जरा दाबलेली, लांबट,
भाकरीच्या पिठाचा गोळा तळहातानं चेपावा तशी.
शेवटाला फुगीर. वर कानशीचे बारीक चरे,
घाम मुरायला.
मनगट सरळ राहील एवढाच पात्याला कल.

फळछाटणीच्या तोंडावर ती तानूबाईंना दिली
आणि मोटारीच्या खोलीच्या सावलीला जाऊन बसलो,
निकालाच्या दिवशी शाळेबाहेर बसतात तसा.
ऊन कलेपर्यंत त्या ओळीत होत्या.
मग आल्या. हात धुतले. बोलत बसल्या:
कवठ्याची एसटी, थकलेला रोज,
धाकटीचा नर्सिंगचा फॉर्म, त्यातला चुकलेला फोटो.
शेवटी मीच न राहवून विचारलं,
मुठीचं काय?
त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.
"कंची मूठ?"

ते उत्तर मी भिलवडी रस्त्यापर्यंत
खिशात हात घालून घेऊन आलो.

पुढच्या आठवड्यात गेलो, तर
मागच्या फुगीर टोकाला
हिरव्या काठाची एक पट्टी गुंडाळलेली.
काही विचारलं नाही.
पट्टीची रुंदी मोजून घेतली:
दोन बोटं, आणि वर थोडी.