एक बोट खाली

रात्री अडीच. सात नंबरवर टॉर्च.
"उठू नको. गुडघे दुमड, श्वास सोड."
डावा हात खाली, हाडाच्या वर, आधाराला.
उजव्याची कड बेंबीपाशी रुतवायची
आणि शोधायची.

पुस्तकात गर्भाशय, केसपेपरवर फंडस,
वॉर्डात सगळ्यांच्या तोंडी पिशवी.
दोन तासांपूर्वी रिकामी झालेली.
आता तिनं स्वतःलाच मुठीसारखं आवळून घ्यायचं असतं.
कपाळासारखी टणक लागली
की मी पुढच्या खाटेकडे जाते.
गालासारखी लागली की थांबते.

सात नंबर. शगुफ्ता परकार.
माहेर दापोलीकडचं, सासर चिता कॅम्प.
दुसरी खेप, मुलगी, दोन किलो सातशे.
पिशवी बेंबीच्या दोन बोटं वर
आणि उजवीकडे कलंडलेली,
शेजाऱ्यानं ढकलून भिंतीला लावलेल्या सायकलसारखी.
गालाहूनही मऊ.
पॅड तासाभरात दुसरा, गच्च भिजलेला.

डॉक्टरांना फोन. सुई भरून ट्रेमध्ये.
मी चोळत राहते, गोल, न थांबता.
"लघवीला कधी गेलीस?"
ती पंख्याकडे बघते.
"लागली नाही?"
"लागली. धरून ठेवली."
"का गं?"
"सवय आहे, सिस्टर."

मग सांगते, कळेनं शब्द तोडत:
गल्लीतला संडास अकराला बंद होतो.
त्यानंतर खाडीकडचा. तिथं दिवा नाही.
म्हणून दिवेलागणीनंतर ती पाणीच पीत नाही,
लग्न होऊन आल्यापासून.

इथं वीस पावलांवर आहे.
दिवा आहे, कडी आहे, जरा ढिली, पण आहे.
हे तिच्या अंगाला कुणी सांगितलं नव्हतं.

तृप्ती, शिकाऊ, पॅन आणते.
मी बेसिनचा नळ बारीक सोडून ठेवते,
"पाणी जपून वापरा"च्या पाटीखाली.
बराच वेळ काही नाही.
मग आली, आणि थांबेचना.
नऊशे मिली. तृप्तीनं दोनदा मोजली.

आणि माझ्या हाताखाली
सायकल सरळ उभी राहिली.
मध्यावर आली, आक्रसली,
कपाळ झाली.
सुई ट्रेमध्ये तशीच राहिली.

तक्त्यात रकाने आहेत:
उंची, घट्टपणा, स्राव, लघवी.
संडास अकराला बंद होतो, याला रकाना नाही.
मी समासात लिहिलं, पेन्सिलनं.
मेट्रन खोडतील, त्यांना समास स्वच्छ लागतो.

"सिस्टर, एक बोट खाली, असं लिहू?"
तृप्तीचं बोट शेवग्याच्या कोवळ्या शेंगेएवढं.
माझं, एकतीस वर्षं क्लोरीनमध्ये भिजून फुगलेलं.
"लिही. पण कुणाचं बोट, तेही लिही."
तिला वाटलं, मी चेष्टा करतेय.

चारच्या सुमारास सात नंबरवरून हाक.
टॉर्च घेऊन धावले, चपला राहिल्या टेबलाखाली.
पॅड कोरडा. पोट शांत.
तिला पाणी हवं होतं.
अर्धा पेला दिला
तर म्हणाली, अजून.