पहिल्या ओळीच्या टोकाला

अकराला सौदे. यार्डात हळदीचे ढीग पडलेत
आणि पट्टी निघत नाही.
पडद्यावर फक्त पाचशे.
"पाचशे काय? रुपये?" ताटेमामा विचारतात.

सर्व्हर माळ्यावर. भिंतीवरची पुराची रेघ माझ्या खांद्याच्या वर,
तो तिच्याही वर ठेवलाय. लोखंडी शिडीनं चढायचं,
कीबोर्डच्या फटी पिवळ्या.

लॉग मी खालून वाचते,
माणूस खरं ते शेवटीच बोलतो.
*अशी फाइल नाही.*
आहे की! ही काय समोर, पट्टी डॉट सीजीआय.
परवानगी सातशे पंचावन्न. पर्ल जिथल्या तिथे.
तपासायला दिली तर म्हणतं, सिंटॅक्स ओके.
वाचलं तर बरोबर,
हाक मारली तर घरात कुणी नाही.

भूपाल चौगुल्यांनी लिहिलंय हे, दोन हजार तीनला.
हॅशपुढे त्यांच्या टिपा, रोमन अक्षरांत मराठी :
*आधी तोलाई, मग हमाली. उलटं केलंस तर मर.*
आजवर कुणी मेलं नाही.

फोन लावला. ते आता कवलापुरात
गाजरं धुवायच्या यंत्रापाशी असतात.
पाण्याच्या खळखळाटातून एकच प्रश्न :
"काल हात कुणी लावला?"

मी खाली बघितलं.
ताटेमामा चष्मा पुसायला लागले.
"फोन नंबर बदलला तेवढा. घरच्या लॅपटॉपवर.
परत ठेवला होता जिथल्या तिथं."

"ओळीचं टोक बघ," चौगुले म्हणाले.

एकेक बाइट सोलून काढला. दिसलं.
पहिल्या ओळीत, पर्लच्या नावाला चिकटून,
एक कॅरेज रिटर्न.
यंत्र बिचारं त्याच्यासकट नाव घेऊन शोधत होतं,
आणि तसल्या नावाचं खरंच कुणी नव्हतं.

"कॅरेज रिटर्न?" मामा शिडीचा दांडा धरून उभे.
तासगावच्या कचेरीत एकोणीस वर्षं टायपिस्ट होते.
हवेत डावीकडून उजवीकडे हात ढकलला,
तोंडानं म्हणाले, टिंग.

मग चौगुल्यांनी सांगितलेली एक ओळ,
तिरप्या रेघा मोजून मोजून.
चारशे बारा टिंग गेले.
दहा चाळीसला पहिली पट्टी निघाली,
आधी तोलाई, मग हमाली.

त्यांच्या टिपेखाली मीही एक हॅश टाकला,
काय लिहावं सुचेना.
तो तसाच राहिलाय.