कल्ले

हर्णैच्या बंदरात चारच्या सुमारास लिलाव सुरू होतो,
तेव्हा मी बर्फाच्या कारखान्यात लाद्यांचा हिशेब लिहीत असतो.
वहीखाली मोबाइल. मोबाइलमध्ये एक माणूस.
त्याचं खरं नाव मला माहीत नाही,
तो स्वतःला 'तेजीचा राजा' म्हणवतो, चेहऱ्याच्या जागी वाघ आहे.
सकाळी सव्वानऊला सांगतो : घ्या. डोळे मिटून घ्या.

डोळे मिटून इथे कोणी बोंबीलसुद्धा घेत नाही.

द्वारकाबाई पावसे पापलेटाचा कल्ला अंगठ्याने उचलते,
लाली बघते, पोटावर बोट दाबते,
खळगा भरून आला तरच पुढची बोली.
"रंग लावतात मेले हल्ली कल्ल्यांना,"
म्हणून शेवटी हुंगते.
मीही एकदा मोबाइल हुंगून पाहिला, गंमत म्हणून.
माझ्याच हाताचा वास आला, अमोनियाचा.

त्याने पाठवलेले सगळे आकडे हिरवे असत.
अठरा हजार. बेचाळीस हजार. एकेका दुपारचे.
मी ते बघत बसलो बंदीच्या दोन महिन्यांत,
होड्या वर ओढलेल्या, झापांनी झाकलेल्या,
कारखाना गप्प, पगार अर्धा.
अर्ध्या पगारात माणूस वाघाचं ऐकतो.

धाकू तांडेलाला विचारा, उद्या मासळी कुठे लागेल?
तो सुवर्णदुर्गाच्या पलीकडचं पाणी बघतो, तंबाखू मळतो,
बराच वेळ मळतो,
"आंजर्ल्याच्या अंगाला बघू. नाय गावली तर नाय."
चाळीस वर्षं दर्यात, आणि बोलणं एवढंच.
वर डिझेल त्याचं, जाळं त्याचं, आणि होडीतही तोच.

आणि ती होडी रिकामी आली
तरी याच वाळूला लागते.
बैलगाडीवाले मान फिरवतात, बायका टोपल्या उचलतात,
सगळं बंदर बघतं.
राजाची रिकामी होडी मी कधी पाहिली नाही.
मला वाटलं, त्याला रिकामी होडीच नसते.

एकतीस हजार गेले.
बायकोला मी अकराच सांगितले होते.

लिलावात एकजण हमखास असतो,
मासळी नको असलेला, भाव चढवून बाजूला होणारा.
त्याला ओळखायचं कसं, हे मी द्वारकाबाईला विचारलं
तेव्हा पैसे जाऊन महिना झाला होता.
ती खवले झटकत म्हणाली,
"बोली लावणाऱ्याचं तोंड काय बघतोस?
त्याची टोपली बघ. आणलीय का बरोबर?"

मग परवा नौशाद आला, लाद्या फोडणारा पोरगा,
भुसा लागलेले हात, कानात तार.
"भाऊ, तुम्ही घेतलेला तो मीपण घेतला.
तुम्ही हिशेबातले, तुम्हाला कळतं."
नऊ हजार. त्याच्या सहा आठवड्यांचे.
मी त्याला घे म्हणालो नव्हतो.
मोबाइल बघून एकदा हसलो होतो फक्त, त्याच्यासमोर,
हिरव्या दिवशी.
लाल दिवशी मी मोबाइल पालथा ठेवायचो.

म्हणजे मीही कल्ल्यांना रंग लावला होता.

वहीचं मागचं पान उघडलं.
तिथे सगळं होतं, तारखेवार, माझ्याच अक्षरात,
घेतले कितीला, विकले कितीला, कुठे हात भाजला,
बेरीज मात्र केलेली नव्हती.
त्याच्यासमोर केली. पेन दोनदा अडलं.
तो आकड्यावर बोट ठेवून म्हणाला,
"एवढे? मग आता मी विकू की ठेवू?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

तो बघत राहिला,
मी अजून काहीतरी बोलेन म्हणून.
बाहेर गाडीवाला हाका मारत होता, बारा लाद्या, लवकर,
पापलेट उन्हात पडलंय.
नौशादने आकडा उचलला, लादीत रुतवला,
आणि ओढत नेताना दारातून वळून विचारलं,
"नक्की माहीत नाही?"

"नक्की," मी म्हणालो.