कुर्लीचं भोक

मार्चमध्ये आगरवाड्यात ऊन फुकट मिळतं.
आम्ही तेच विकतो, खडे करून.

शिवोलीच्या पुलाखालून भरती आत येते,
मानशीचं दार उचलायचं, हवं तेवढं घ्यायचं.
बांधाला कुर्ल्या भोकं पाडतात.
रोज संध्याकाळी मी फेरी मारतो:
चिखलाचा गोळा, वर टाच.
एकवीस वर्षांत कोणी विचारलं नाही
किती बुजवलीस म्हणून.
बांध फुटला असता तर विचारलं असतं.

उत्कर्षा दोन वर्षांची, तेव्हा नाकावर ठिपके आले.
तिची आई म्हणाली, गोड दिसतात.
सातव्या वर्षी बांबोळीला
ओठावरची गाठ काढली.

डॉक्टर मिनेझिसनी चिठ्ठीच्या पाठीवर
शिडी काढली, पायऱ्यांवर अक्षरं.
म्हणाले, ऊन लागलं की शेजारशेजारचे दोन थायमिन
एकमेकांना चिकटतात, मजकूर तिथं अडतो.
सगळ्यांचंच होतं. तुमचंही, आत्ता,
बसस्टॉपवरून इथं चालत येताना.
फक्त तुमच्या आत कोणीतरी
तेवढा तुकडा कापतं, नवा बसवतं.
तिच्या आत तो माणूस कामावर येत नाही.

"रजेवर आहे?" मी विचारलं.
मूर्खासारखं.

एक चूक माझ्याकडची, एक तिच्या आईकडची.
एकेकट्या होत्या तोवर दोन्ही गप्प होत्या.
आमची घरंही शेजारशेजारची. विहीर एकच.
त्या रात्री आम्ही जेवलो नाही.
भांडलोही नाही.

आता खिडक्यांना काळा कागद.
शाळेत टोपी, हातमोजे, गॉगल;
पोरं तिला चांद्रयान म्हणतात.
मीठ तिनं पोत्यात पाहिलंय,
रस्त्याकडेला, ताडपत्रीखाली.
आगरात कधीच नाही.

पुनवेला तिनं विचारलं,
चंद्राचा उजेड उन्हाचाच ना?
मला उत्तर देववेना.
रात्री साडेनऊला मिनेझिसना फोन लावला.
ते आधी गप्प, मग हसले. पहिल्यांदाच.
"न्या तिला," म्हणाले.

चपला हातात घेऊन ती बांधावरून चालली.
खणात मीठ सायीसारखं धरलेलं.
बोटानं उचललं, चाखलं, थुंकलं,
पुन्हा चाखलं.
मग पुढून हाक: बाबा, इथं पाणी झिरपतंय.
मी पोचेपर्यंत चिखल थापून
टाच रोवून उभी होती.
मी दाखवलं नव्हतं कधी.

सकाळी पाहिलं, टाच तशीच उमटलेली, एवढीशी.
वीतभर पलीकडे
कुर्लीनं दुसरं पाडलं होतं.