दोन पुरुष पाणी

तार गेली होती त्याच्या घरी : 'समुद्रावर बेपत्ता.'
तेव्हा ते खरंच होतं.
मी साखरबीट लावतो तिथे
माझे आजोबा, वीब्रेन, ईल पकडायचे.

मग आम्ही डचांनी बांध घातले, पंप लावले,
समुद्रच बेपत्ता केला.
शिंपले अजून लागतात नांगराला.
त्या मंगळवारी मात्र फाळ किंचाळला
आणि निळ्या चिखलातून वर आला
विमानाच्या पंखाचा तुकडा,
कालच घासून ठेवल्यासारखा.

लष्कराची माणसं आली चाळण्या घेऊन.
एक कंगवा. घड्याळ, काट्यांविना.
एक बूट, बुटात मोजा.
आमची माती लोकर खात नाही.

बहीण आली न्यूझीलंडहून, एनिड टलक,
एक्याऐंशी वर्षांची, काठी ढेकळांत रुतत होती.
मोज्याची टाच तिने उलटी करून पाहिली :
राखाडी लोकरीवर तपकिरी रफू, गाठी बाहेर.
"बारा वर्षांची होते मी.
आई म्हणाली, उसव ते.
त्याने उसवू दिलं नाही."

मग विचारलं, "इथे पाणी किती होतं?"
खोटं बोलता आलं असतं.
"दोन पुरुष," म्हटलं. "फार तर."

ती वर बघत राहिली,
माझ्या ट्रॅक्टरच्या टपाहून जराशी वर,
जिथे तेव्हा लाटा असतील.

तेवढा तुकडा मी पेरत नाही आता.
यंदा तिथे रानमोहरी माजली आहे.
बायको म्हणते, तण आहे, काढ.
काढीन.