कसर

पाच लाख गेले होते, पाच लाख आले.
बँकेतला शिवेंद्र सिकरवार
गजकचा डबा पुढे करत म्हणाला,
"देखिए अंकलजी, मूलधन हिला तक नहीं."

खरंच हललं नव्हतं.
दाल बाजारातल्या गोदामात एखादं पोतं
विसरून राहतं, तसं जागच्या जागी.

कुमुदने डबा उलटा करून किंमत वाचली.
"तेव्हा हाच पावणेदोनशेला होता,
आता तीनशे वीस.
याचं बरं हललं!"

चौतीस वर्षं मी महालेखाकारांच्या कार्यालयात
दुसऱ्यांच्या वह्यांत लाल टिंबं देत होतो.
पाटबंधाऱ्याच्या एका खात्यातले
बारा रुपये एकदा सहा महिने शोधले.
आणि माझ्या स्वतःच्या कागदावर, बत्तीस पानी,
पान न उलटता सही केली.
पहिल्याच पानावर जाड ठशात होतं:
मुद्दल सुरक्षित.
त्या दोन शब्दांपुढे मी
दवाखान्यातल्या पेशंटसारखा
जीभ काढ म्हटलं की काढणारा झालो.

परवा पेन्शनच्या पावतीमागे हिशेब मांडला.
पाचातले साडेतीन त्यांनी रोख्यांत निजवले,
ते निजल्या निजल्या वाढून पाच होणारच होते.
उरल्यातून आपलं काय ते आधी काढून ठेवलं,
मग जे राहिलं
त्याची बाजारात एक सोडत घेतली.
म्हणजे माझंच व्याज
माझ्याच मुदलाला राखण बसवलं होतं,
आणि राखणदाराचा पगारही माझ्याच खिशातून.

बाजार मधे चढलाही.
मी रोज पेपर उघडून आकडा बघायचो,
शेजारच्या पोराचे मार्क बघावेत तसा.
चढाच्या रुपयातले चाळीस पैसे आपले,
तेही सरासरीने, तेही शेवटच्या वर्षी मोजून.
शेवटच्या वर्षी तो बसला.
मेळ्यातला उंट बसतो तसा,
आधी पुढून, मग मागून.

तिसऱ्या वर्षी कुमुदचा गुडघा गेला.
शिवेंद्र हळहळला. "बीच में तोड़ेंगे
तो गारंटी नहीं रहेगी, अंकलजी."
हमी फक्त शेवटच्या दिवशी जागी असते,
हे मला तेव्हा कळलं.
मोडलं तर चार लाख दहा हजार.
थांबू, म्हटलं.
मी म्हटलं. ती काही बोलली नाही.
लक्ष्मीगंजातल्या या घराचा जिना
ती दोन वर्षं आडवी होऊन उतरते आहे,
कठडा धरून, एकेक पायरी,
खाली दूधवाला किटली घेऊन थांबलेला.
तेव्हा डॉक्टरांनी एका गुडघ्याचे दोन लाख सांगितले होते.
आता तीन सांगतात.
आणि आता गुडघे दोन आहेत.

काल ट्रंकेतून गरम कोट काढला,
निवृत्तीच्या वर्षी शिवलेला.
डांबरगोळ्यांत जपलेला, कुठे कसर नाही,
उजेडात धरला तर एक भोक नाही.
घातला. बटण काजापर्यंत पोचेना.
आमच्याकडे कसर म्हणजे कपडा खाणारा किडा,
आणि कसर म्हणजे हिशेबातली तूटही.
कोटात पहिली नाही, कागदावर दुसरी नाही.
लाल पेन हातात घेऊन बसलो,
टिंब कुठे द्यावं कळेना.

शिवेंद्र नवा कागद ठेवून गेलाय.
सात वर्षं. अठ्ठेचाळीस पानं.
पहिलं पान तेच.
मी यावेळी उलटलं.
नवव्या पानावर लिहिलंय
की हमी देणाराच बुडाला
तर हमीही त्याच्याबरोबर.
अक्षर इतकं बारीक
की चष्मा काढून, कागद नाकाशी धरून वाचावं लागतं.

भाजी घेऊन कुमुद वर येते आहे.
पायऱ्या मोठ्याने मोजायची तिला सवय लागलीय.
सात.
आठ.
मग बराच वेळ काही नाही.
मी कागद खाली ठेवतो.